आधी बॅकअप, मग प्रयोग!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ काही झेपेना. मग सोबत उबुंटू टाकलं. महिनाभर मजेत गेला. नंतर जागा पुरेना, म्हणून एका रात्री विंडोजमधूनच उबुंटूचं पार्टिशन सरळ डिलीट केलं.

सकाळी बघते तर काय, काळ्या स्क्रीनवर दोनच शब्द: ‘ग्रब रेस्क्यू’! संध्याकाळी लेख द्यायचा होता. दोन वर्षांच्या मुलाखती आत, बॅकअप शून्य. रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या दुकानात धावले. ‘ताई, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल.’ लॅपटॉप उचलून तशीच घरी आले.

ग्रब म्हणजे ‘कुठली सिस्टिम हवी?’ विचारणारा दारवान. त्याचं घर मी पाडलं होतं, पण दारात अजून तोच उभा! विंडोज आत सुखरूप होतं. लॅपटॉप सुरू होताना एफ-टू दाबून (ही की कंपनीनुसार बदलते) बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरावर आणलं. झालं, विंडोज हजर!

लेख वेळेत गेला. त्या रात्री पहिली खरेदी केली ती एक्स्टर्नल हार्ड डिस्कची. तुमच्याकडे आहे ना?