फटक्यातील बळ

न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या भावाचा गेल्या उन्हाळ्यात फोन आला. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. "दादा, चेंडू बॅटवर नीट येतो, पण लांब जातच नाही. ताकद वाढेल असे काही सांग." प्रोटीनची पावडर आणि एक जड बॅट त्याने आधीच आणून ठेवली होती. इंदुरात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे पालकही मला हेच विचारतात, म्हणून त्याला दिलेले उत्तर येथे मांडतो.

फटक्याचे बळ दंडात शोधणे हीच मुळात चूक. ते जमिनीतून निघते. पाय, कंबर, धड, खांदे आणि सर्वांत शेवटी मनगट, अशा क्रमाने बॅटीपर्यंत पोहोचते. शिवाय फिरत्या बॅटीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. न झेपणारी बॅट वेग मारते आणि क्रमही बिघडवते. 'ती बॅट बाजूला ठेव' म्हटल्यावर भाऊ काहीसा रागावला. महाग होती म्हणे.

व्यायाम जरूर करावा. वजन उचलल्याने उंची खुंटते, हा आपल्याकडील समज निराधार आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली हलक्या वजनाचा व्यायाम मुलांना सुरक्षित असतो. मात्र वयात येण्यापूर्वी बळ वाढते ते मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांच्या सुसूत्रतेमुळे. दंड फुगलेले दिसत नाहीत आणि पालक हिरमुसतात. पावडरीविषयी काय सांगावे? वरण-भात, दूध, अंडी खाणाऱ्या मुलास तिची गरज नाही.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. बारा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. ज्याला मिसरूड फुटू लागले तो होमरन मारतो आणि संघात वरच्या क्रमांकावर जातो. उशिरा वाढणारा शेवटच्या क्रमांकावर राहतो, आणि त्याची वाढ होईपर्यंत बहुधा खेळच सोडतो. पुतण्याची उंची वर्षात पाच सेंटिमीटर वाढली होती, म्हणजे वाढीचा जोर अजून सुरूच झाला नव्हता. आमच्या घरात सारेच उशिरा वाढले. भाऊ स्वतः दहावीपर्यंत वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

शेवटी मी मुलाला फोनवर बोलावले. कुठे दुखते का, असे विचारताच तो हळूच म्हणाला, "काका, बाबांना सांगू नका. मागे वाकलं की कंबर दुखते, एकाच बाजूला." त्या जड बॅटीने रोज शंभर फटके मारण्याचा सराव चालला होता. मी तसे वचन दिले नाही. खेळणाऱ्या मुलाची अशी कंबरदुखी म्हणजे मणक्याचा ताण-अस्थिभंग नाही ना, हे पाहावेच लागते, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसेलच असे नाही. तेथील डॉक्टरांनी एमआरआय केला. हाडावर ताण आलेला होता, सुदैवाने तडा गेलेला नव्हता.

तीन महिने बॅट बंद राहिली. आता भाऊ दर महिन्यास मुलाची उंची मोजून मला कळवतो.