बाटलीवर आयत, आत तेल कशाचे?

गोंदियाच्या बाजारातून, उरसातल्या दुकानांतून आणि रेल्वेच्या प्रवासात मी काही वर्षांपासून तेलाच्या बाटल्या गोळा करतो आहे. दम केलेल्या तेलाच्या, म्हणजे कुराणातल्या आयती पढून फुंकर मारली आहे असे सांगून जे विकतात त्याच्या. सध्या सतरा जमल्या आहेत. जादू तोडण्याचे तेल, नजर उतरवण्याचे, धंद्यात बरकतीचे, शौहरला मुठीत ठेवण्याचे, दोघांत फूट पाडण्याचेही. बहुतेकांवर हिरवा कागद, आयतल कुर्सी आणि घुमटाचे चित्र. पण चौदा बाटल्यांवर तेल कशाचे आहे हेच लिहिलेले नाही. कोणी भरले, कधी भरले, तेही नाही.

कोणी म्हणेल, कोणाचे काय बिघडते? गरिबाला थोडा दिलासा मिळतो, मिळू द्या. हाच युक्तिवाद मला खोडून काढायचा आहे.

आपला जिल्हा तेलाला नवखा नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या घरांत मोहाच्या टोळीचे तेल आजही ठाऊक आहे. करंजाचे तेल खरजेला लावतात आणि जवसाचे जेवणात घेतात. बिब्ब्याचे तेल टाचेच्या भेगेत किती जपून सोडायचे, जरा जास्त झाले तर कातडी कशी भाजते, हे तिथली म्हातारी बाई बोटावर दाखवून सांगते. तेलाची निवड ती वासावरून करते, घट्टपणावरून करते. मोहाचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. माझ्याकडच्या बाटल्यांपैकी चार मी उघडल्या. वरचा अत्तराचा वास उडून गेल्यावर खाली कोणत्याच बीचा वास राहिला नाही, आणि डिसेंबरच्या थंडीतही ते पाण्यासारखे पातळ. अत्तराला पूर्वी चंदनाच्या तेलाचा आधार असे, आता स्वस्त मालात लिक्विड पॅराफिन असते. या बाटल्यांची जातही मला तीच वाटते.

विकणाऱ्यांच्या तोंडी दोन हदीस नेहमी असतात. जैतुनाचे तेल खावे आणि अंगाला लावावे, अशा अर्थाची एक तिरमिजीत आहे. कलौंजीत मृत्यूखेरीज सगळ्यावर शिफा आहे, अशा अर्थाची दुसरी बुखारीत आहे. दोन्ही मला मान्य आहेत. पण त्यांत एका झाडाच्या फळाचे आणि एका बीचे नाव आहे. नाव नसलेल्या तेलाला त्यांचा आधार कसा मिळतो? कलौंजीचे तेल हवे असेल तर घटकांची यादी वाचा. दुसऱ्याच तेलात थोडी कलौंजी मुरवलेली असेल तर ते त्याच बारीक अक्षरांत सापडते. आणि बी घेताना कांद्याचे बी हातात पडत नाही ना, हेही पाहा.

तिसरी हदीस जास्त हुशारीने वापरतात. प्रवासात एका टोळीच्या सरदाराला विषारी दंश झाला, सहाबींनी सूरह फातिहा पढून फुंकली, तो बरा झाला, मोबदल्यात शेळ्या-मेंढ्यांचा कळप मिळाला आणि पैगंबरांनी तो वैध ठरवला. खरे आहे. पण तिथे रोगी समोर होता, पढणारा त्याच्या उशाशी होता, आणि त्या टोळीने आधी पाहुणचार नाकारला म्हणून मोबदला ठरला होता. फातिहा बाटलीत भरून दुकान कोणी मांडले नाही. इलाज करा, अल्लाहने औषधाशिवाय आजार उतरवलेला नाही, ही शिकवणही त्याच पैगंबरांची. आईचे नाव विचारून, आकडे मांडून 'तुझ्यावर अमक्याने केले आहे' असे सांगणारा आमिल कोणत्या गटात मोडतो? भविष्य सांगणाऱ्याकडे विचारायला गेलेल्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, असे सही मुस्लिममध्ये आहे. नवरा-बायकोत फूट पाडणाऱ्या जादूबद्दल सूरह बकराची १०२ वी आयत काय म्हणते ते घरी उघडून वाचा. आणि आयत छापलेली ती रिकामी बाटली शेवटी कुठे जाते? नालीत. मजारीवर शिर्क होतो म्हणून तावातावाने बोलणारे आपले मौलाना या बाटलीपाशी गप्प का होतात?

चिरागाचे थेंबभर तेल कोणी प्रेमाने कपाळाला लावून घेतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण दरपत्रकाशी आहे. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी मुळ्या-पाल्याची, तेलांची आपली विद्या जपली, तिला हूडू म्हणतात. विसाव्या शतकात शिकागोच्या व्हाल्मोरसारख्या गोऱ्या मालकांच्या कंपन्यांनी नशिबाची आणि प्रेमाची तेले टपालाने त्याच काळ्या गिऱ्हाइकांना विकली. धंदा सगळीकडे असाच चालतो: श्रद्धा गरिबाची, गल्ला दुसऱ्याचा.

आता बिघडते काय ते सांगतो. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, आदिवासी आणि दलित कुटुंबांत जास्त. या आजारात हाडे आणि सांधे असह्य दुखतात, लहान लेकरांचे हातपाय सुजतात. घरच्यांना ती करणी वाटते. आपल्या आमिलांच्या ओट्यावर बसलेल्यांत मुसलमान नसलेली माणसे बरीच असतात, हे मी पाहिले आहे. गोंड बाई लेकराला कडेवर घेऊन येते, कारण कुराणावर तिचा आपल्याइतकाच विश्वास. तिला तेल देऊन चोळायला सांगितले जाते. त्या लेकराला हवी असते रक्ताची तपासणी, भरपूर पाणी आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. चोळण्यात गेलेला आठवडा कोणाच्या हिशेबात लिहायचा? आपल्या किताबाच्या नावावर शेजाऱ्याचे लेकरू अडवून ठेवले, याला मी दिलासा म्हणणार नाही.

'आमच्यावरच का लिहिता, शनीचे तेल दिसत नाही का?' दिसते. मंतरलेले तेल विकणारे बाबा सगळ्या धर्मांत आहेत. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा मंत्र, ताईत आणि कवच एकाच ओळीत बसवतो. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा हिंदूंवर रोखलेला आहे अशी ओरड झाली, पण त्याच्या वटहुकमाखाली सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला पहिला गुन्हा दाखल झाला तो दोन मुसलमान माणसांवर, कर्करोग, मधुमेह आणि एड्स बरा करतो अशा दाव्यांसाठी. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हाही त्यात गुन्हा आहे. पण माझे घर मुस्लिम मोहल्ल्यात आहे, म्हणून झाडू मी इथूनच मारणार.

उरसाच्या आधी कमिटीची बैठक होते, दुकानांच्या जागांचे पैसे ठरतात. त्याच बैठकीत एवढे ठरवा: ज्या बाटलीवर तेलाचे नाव, भरणाऱ्याचा पत्ता आणि तारीख नाही, किंवा जिच्यावर आजार बरा करण्याचा दावा आहे, तिला जागा मिळणार नाही. जागेचे भाडे थोडे कमी येईल.