वेष्टनावरची अक्षरे

हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत सोंगे घेतलेली मुले दारोदार फिरून 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू', असे म्हणतात आणि दार उघडणारे गृहस्थ किंवा गृहिणी त्यांच्या पिशव्यांत गोळ्या-चॉकलेटे टाकतात. त्यासाठी कोणता खाऊ आणावा, याबाबत तेथे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. उरलेले आपल्याला खाता यावे म्हणून स्वतःच्या आवडीचा खाऊ आणणारा एक, आणि आपला हात पातेल्याकडे वळू नये म्हणून मुद्दाम नावडता आणणारा दुसरा. दोन्ही पंथांत विचार होतो तो देणाऱ्याच्याच जिभेचा. घेणारे मूल त्यात कोठेही नसते.

हा खाऊ पूर्वी बाजारचाच असे, असे नाही. दारोदार मागण्याची आजची रीत तेथे १९३० च्या दशकात रुजू लागली आणि महायुद्धकाळातील साखरेचे नियंत्रण १९४७ मध्ये उठल्यानंतर ती देशभर पसरली. त्या काळी पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदे, घरच्या कुकीज, शेंगा, क्वचित सुटी नाणीही मुलांच्या पिशवीत पडत. पुढे अनोळखी माणसे खाऊत विष किंवा ब्लेड घालतात, ही भीती बळावली. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा सायनाइड घातलेल्या गोळीच्या भुकटीने मृत्यू झाला. १९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणी सायनाइड भरल्याने सात जण दगावले, आणि त्या घटनेचा हॅलोवीनशी संबंध नसतानाही तिची छाया त्या वर्षीच्या सणावर पडली. टेक्सासमधील मुलाला विष देणारा मात्र अनोळखी शेजारी नव्हता, विम्याच्या पैशांसाठी टपलेला त्याचा बाप होता. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडले नाही. तरीही घरचा पदार्थ बाद झाला तो झालाच, आणि कारखान्यात बंद झालेले वेष्टन हीच सुरक्षिततेची खूण ठरली.

वेष्टन शाबूत आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहणारा हा समाज वेष्टनावर काय छापले आहे याकडे मात्र तेवढे पाहत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजणे. शेंगदाण्याची ॲलर्जी तीव्र असली तर अल्पशा अंशानेही श्वास कोंडू शकतो. १९२८ चे रीसेस कप असोत की १९३० चे स्निकर्स, हॅलोवीनच्या पातेल्यातील लाडकी नावे नेमकी शेंगदाण्याची आहेत. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, शेंगदाणे, गहू आदी आठ ॲलर्जीकारक घटक वेष्टनावर नोंदवणे सक्तीचे केले आणि २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली. परंतु 'फन साइझ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या वड्या मोठ्या पिशवीतून विकल्या जात असल्याने घटकांची यादी पुष्कळदा त्या पिशवीवरच राहते आणि वाटताना पिशवी कचऱ्यात जाते. ज्याचे त्याचे आईबाप पाहून घेतील, हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, कारण मूल अंधारात चालता चालताच पहिली वडी तोंडात टाकते आणि जवळ असलेल्या आईबापांच्या हातीही वाचण्यासारखे काही उरत नाही.

तेथील मराठी घरांपुढे याच अक्षरांचा आणखी एक प्रश्न असतो. मऊ गमी गोळ्या आणि मार्शमॅलो यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेले प्रथिन असते, त्यामुळे शाकाहारी कुटुंबातील मुलाची अर्धी पिशवी घरी आल्यावर वेगळी काढावी लागते. २०२४ मध्ये हॅलोवीन ऐन दिवाळीत आला, तेव्हा दारी पणत्या नि भोपळे एकत्र मांडता आले. चकली-लाडू मात्र वेष्टनाच्या नियमामुळे दारावर आलेल्या मुलांना देता येण्याजोगे नव्हते.

दारात मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवून 'येथे खाद्येतर भेटही मिळेल' असे सुचवण्याची प्रथा २०१४ पासून देशभर पसरली आहे, आणि चॉकलेटाच्या पातेल्याशेजारी स्टिकर, पेन्सिली, अंधारात चमकणाऱ्या कांड्या यांचे दुसरे पातेले ठेवायला फारसा खर्चही येत नाही. ज्यांना तेवढेही करायचे नसेल, त्यांनी शेंगदाणाविरहित एक पिशवी जास्तीची आणावी आणि पिशव्या फोडल्यावर त्यांच्यावरची घटकांची यादी कापून पातेल्याच्या कडेला चिकटवावी.