भोगवटा

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने केली त्याने निदान स्वतःचं घर स्वतः बांधलं असणार. त्याला गवंडी भेटला असेल, सुतार भेटला असेल, चुन्यात वाळू जास्त घालणारा कोणी पुण्यात्मा भेटला असेल, आणि या सगळ्यांशी भांडता भांडता एक दिवस डोक्यावर छप्पर आलं असेल. आपल्याला ती सोय नाही. आपलं घर दुसराच कोणी बांधतो आणि आपण नुसतं पाहतो. तेही कागदावर पाहतो. पैसे मात्र खरेखुरे देतो.

बिल्डर या प्राण्याविषयी तक्रार करायला मी बसलेलो नाही. वाघाने शेळी खाल्ली म्हणून वाघावर अग्रलेख लिहिण्यात फारसा अर्थ नसतो. माझं भांडण आहे ते शेळीच्या समाचाराला येऊन, "तू शिंगं जरा परजून ठेवायला हवी होतीस," असं सांगणाऱ्या मंडळींशी. ही मंडळी बँकेत असतात, कचेरीत असतात, लग्नाच्या पंगतीत नेमकी आपल्या शेजारी बसतात. माझ्या बाबतीत ती घरातच आहेत. आमच्या मेहुण्यांनी आजवर मला चौदा वेळा सांगितलं आहे, "भावोजी, घेताना नीट बघून घ्यायला हवं होतं."

आता बघून म्हणजे काय बघून? दुधी घेताना आपण नख लावून बघतो. भाजीवाला रागावतो, पण दुधी समोर तरी असतो. मी २००९ साली पुण्यात फ्लॅट बुक केला तेव्हा माझा फ्लॅट जमिनीपासून चाळीस फूट उंच हवेत होता आणि त्याच्या दिवाणखान्यात एक घार फिरत होती. तिथे नख कुठे लावणार?

तरी जे बघण्यासारखं होतं ते सगळं मी बघितलं. सात-बारा पाहिला. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला. महापालिकेत अर्धा दिवस रजा टाकून मंजूर नकाशा पाहिला. त्यात जिना होता, लिफ्ट होती, पाण्याची टाकी होती. एवढी मोठी इमारत कोणत्या साली उभी राहील हे मात्र नकाशात बघायची व्यवस्था नसते.

सॅम्पल फ्लॅटही पाहिला. सॅम्पल फ्लॅट हे पृथ्वीवरचं सर्वांत सुखी घर. त्यात गॅस नसतो, गळती नसते आणि पाहुणे नसतात. दारंही नव्हती, त्यामुळे दार उघडल्यावर कपाट उघडत नाही ही गोष्ट गृहप्रवेशानंतरच कळते. बेडरूममध्ये पलंग होता आणि पलंगाभोवती चक्क प्रदक्षिणा घालायला जागा होती. सौ. हरखून गेल्या. मी खिशातला टेप काढून पलंग मोजला. पाच फूट चार इंच. "हा कोणासाठी?" असं मी विचारल्यावर तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, हा फक्त कन्सेप्ट आहे."

मग चौरस फूट. शाळेत आम्हाला क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी असं शिकवलं होतं. ते चूक होतं. माझ्या फ्लॅटचं क्षेत्रफळ नऊशे पंच्याऐंशी चौरस फूट, आणि आत उभं राहून मोजलं तर सहाशे नव्वद. उरलेले दोनशे पंच्याण्णव फूट कुठे गेले? ते सुपर बिल्टअपमध्ये गेले. म्हणजे जिन्यात माझा वाटा, लिफ्टच्या भोकात वाटा, वॉचमन झोपतो त्या जागेत वाटा. मी ज्या भिंतींना आयुष्यात कधी टेकणार नाही त्यांच्या जाडीचे पैसे मी भरले. मजा अशी की करारात कारपेट एरियाच लिहिलेला होता, कारण कायद्याला तो लागतो. बोलण्यात आणि भावात मात्र सुपर बिल्टअप. यात मी काय बघायला हवं होतं? माझ्यासमोर दोन्ही आकडे होते. एक घराचा होता आणि एक पैशाचा.

करारातली कलमंही मी वाचली. हप्ता उशिरा भरल्यास खरेदीदाराला वर्षाला अठरा टक्के व्याज. आणि घर उशिरा दिल्यास? ते कलम चष्मा पुसून शोधलं. सापडलं. सिमेंट, पोलाद, पाणी यांचा तुटवडा, युद्ध, दंगल किंवा दैवी आपत्ती यांपैकी काही झाल्यास बिल्डरला मुदत वाढवून मिळेल. मला वाढवून मिळायला मात्र पगाराचा तुटवडा, मुलीचं लग्न किंवा सासूबाईंची शस्त्रक्रिया ही दैवी आपत्ती धरलेली नव्हती. वकील म्हणाले, "हे सगळीकडे असंच असतं. सही करायची नसेल तर नका करू, मागे रांग आहे." रांग खरंच होती.

ताबा डिसेंबरमध्ये द्यायचा होता. जानेवारीत मी साइट ऑफिसमध्ये गेलो.

"साहेब, तुम्ही डिसेंबर म्हणाला होतात."

"डिसेंबरच आहे, काका. मी साल कुठं म्हणालो?"

घराचं भाडं आणि कर्जाचा हप्ता या दोन चाकांवर आमचा संसार पुढे सव्वादोन वर्षं चालला. शेवटी २०१४ च्या मार्चमध्ये नारळ फुटला, पेढे झाले आणि किल्ली हातात आली. फक्त महापालिकेचं भोगवटा पत्र आलं नव्हतं. भोगवटा हा शब्द ज्याने काढला त्या कारकुनाला माझा नमस्कार. भोग आधी येतात आणि पत्र मागाहून, हे त्याने एका शब्दात बसवलं आहे. आमचे भोग दोन वर्षं चालले, पत्र २०१६ साली आलं, तोपर्यंत टँकरचं पाणी प्यायलो. कायदा तर असा कडक की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही! म्हणजे मी काय करायचं होतं? किल्ली परत करून भाड्याच्या दोन खोल्यांत कायद्याचं पालन करत बसायचं होतं?

कायद्याचं म्हणाल तर तो आजचा नाही. मालकी हक्काच्या फ्लॅटचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा आहे, आणि या व्यवहारात गैरप्रकार असून ते वाढत आहेत, असं त्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. ते वाढायचे काही थांबले नाहीत. इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. आमच्या इमारतीत तिचे पैसे 'विकास शुल्क' या नावाने घेतले होते. सोसायटी झाल्यावर जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. ती बिल्डर करत नाहीत म्हणून २००८ साली कायद्यात 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं. हा शब्द उच्चारता येईपर्यंतच आमच्या सोसायटीचे दोन सेक्रेटरी बदलले.

मग १ मे २०१७ पासून रेरा लागू झाला. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. कारपेटवर विक्री, खरेदीदारांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, आणि उशीर कोणाचाही असो, व्याजाचा दर एकच. पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. उत्तमच आहे. (सुपर बिल्टअप गेल्यावर चौरस फूट आकसले आणि दर फुगला, हा भाग सोडा.) पण इथेही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली व्हायची असते, आणि वॉरंटमागे धावायचं काम पुन्हा शेळीचंच.

आमच्या मजल्यावर एका निवृत्त मास्तरांनी फ्लॅट घेतला होता. सगळा प्रॉव्हिडंट फंड घातला होता. दर रविवारी ते साइटवर येत, समोरच्या दगडावर बसून चौथा मजला बघत. म्हणजे नीट बघून घेत होतेच म्हणा. स्लॅब पडल्याच्या दिवशी त्यांनी मजुरांना स्वतःच्या पैशाने जिलबी वाटली होती. २०१३ च्या पावसाळ्यात ते भाड्याच्या खोलीत गेले. बाराव्याला बिल्डरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, शेवटच्या हप्त्याचं. आणि त्याच दिवशी, त्यांच्याच ओसरीवर, कोणीतरी चहाची कपबशी खाली ठेवत म्हणालं, "मास्तर भोळे. जरा चौकशी करायला हवी होती." त्या गृहस्थांच्या डोक्यात ती कपबशी घालावी असं मला वाटलं. सौ.नी माझा हात धरून ठेवला म्हणून राहिलं.

मास्तरांच्या पत्नी आता आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या भिंतीला ओल आहे. त्याबद्दल सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "नवीन घर आहे आजी, घाम येणारच थोडा."

मागच्या महिन्यात आमच्या मेहुण्यांनी हिंजवडीला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. रेराचा नंबर आहे, सगळं तपासून घेतलं आहे. रविवारी ब्रोशर घेऊन आले. गुळगुळीत कागद, हिरवळ, हिरवळीवर एक गोरी बाई कुत्रं फिरवते आहे आणि मागे निळंशार तळं. ही बाई आमच्याही ब्रोशरमध्ये होती, कुत्रं तेवढं नवीन वाटलं. मी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. नीट बघून घ्या वगैरे काही म्हणालो नाही. एवढंच विचारलं, "हे तळं कोणत्या बाजूला येतं?"

"तळं ना?" मेहुणे म्हणाले. "ते दुसऱ्या फेजमध्ये आहे."

सौ.नी त्यांना आणखी एक कप चहा दिला.