आवर्तन : शब्दाचा अर्थ व पिकाची गरज

'आवर्तन' म्हणजे ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणे. तालाचे आवर्तन समेवर परत येते. १८६९ साली मेंडेलीव्ह यांनी मांडलेल्या आवर्त सारणीत मूलद्रव्यांचे गुणधर्म क्रमाने पुनः प्रकट होतात. शेतकऱ्यास मात्र हा शब्द कालव्याच्या पाण्यामुळे परिचित आहे. परंतु कालव्याचे आवर्तन तारखेने येते, पिकाची तहान वाढीच्या अवस्थेनुसार लागते. गव्हास मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी न मिळाल्यास फुटवे घटतात. ही हानी पुढील पाण्याने भरून निघत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्तनाच्या तारखा वेळीच मिळवून शेतकऱ्यांस कळवाव्यात व शेतकऱ्यांनी त्या पाहूनच, योग्य हंगामात, पेरणीचा दिवस ठरवावा.