लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणून किडनी ठीक?

मधुमेह असलेली अनेक मंडळी वर्षातून एकदा लघवीची साधी तपासणी करतात आणि रिपोर्टवर ‘प्रोटीन: निल’ दिसलं की निर्धास्त होतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एवढ्यावर थांबू नका.

मधुमेहात किडनीला इजा होऊ लागते तेव्हा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन आधी थोडं थोडं जाऊ लागतं. लॅबमधली रंग बदलणारी पट्टी ते बरंच वाढल्यावरच खात्रीने दाखवते. त्याआधी ते पकडायला लघवीचीच ‘एसीआर’ ही चाचणी लागते. तिचा आकडा ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असावा. ३० ते ३०० या टप्प्यात साधा रिपोर्ट अनेकदा स्वच्छ येतो, आणि नेमकं याच टप्प्यात रक्तदाब, साखर आणि औषधं सांभाळून पुढचं नुकसान पुष्कळ रोखता येतं. ताप किंवा जोराचा व्यायाम यांनीही आकडा चढतो, म्हणून एकदा वाढला तर चाचणी पुन्हा करावी. शिवाय किडनी रक्त किती गाळते आहे, हे लघवी सांगत नाही. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन हवं. मधुमेह्याने दरवर्षी या दोन्ही चाचण्या करायला हव्यात.

लघवीतल्या साखरेचंही तसंच. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. त्यामुळे ‘शुगर: निल’ म्हणजे मधुमेह नाही, असं मानू नये. उलट डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध चालू असेल तर रक्तातली साखर आटोक्यात असूनही लघवीत ती दिसते, कारण ते औषध साखर लघवीवाटेच बाहेर काढतं.

शौचाच्या तपासणीत जंतांची अंडी, अमिबाच्या सिस्ट दिसतात, पण त्या रोज पडत नाहीत. म्हणून संशय असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावेत. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक कृमी बाहेरच्या त्वचेवर अंडी घालतात. ती शोधायला सकाळी अंघोळीआधी तिथे चिकटपट्टी लावून तपासतात. अमिबाची रोगकारक जात आणि तिची निरुपद्रवी बहीण यांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. म्हणून काही त्रास नसताना केवळ ‘सिस्ट’ हा शब्द वाचून स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत.

सर्वांत सावध राहायचं ते शौचातल्या लपलेल्या रक्ताच्या चाचणीबाबत. आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत नाही. शौचावाटे रक्त दिसत असेल, वजन घटत असेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून कोलोनोस्कोपी टाळणं धोक्याचं आहे.

म्हणून माझी डॉक्टरांकडे मागणी आहे की चिठ्ठीवर ‘युरिन, स्टूल रूटीन’ एवढंच न लिहिता तक्रार आणि चालू औषधंही लिहावीत. आणि रुग्णांनी रिपोर्ट हाती आल्यावर निःसंकोच विचारावं: “डॉक्टर, यात काय सुटू शकतं?” हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.