शंभर टक्के निकालाची किंमत

डिस्लेक्सिया आणि अध्ययन अक्षमता या विषयांवर शैक्षणिक परिषदा भरतात, याचे आम्ही स्वागतच करतो. तज्ज्ञ बोलतात, शिक्षक टिपणे घेतात, चहापान होते. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांत ज्या मुलाला पाचवीत जाऊनही धडा वाचता येत नाही, त्याच्या बाकापर्यंत त्यातले काय पोहोचते?

ही अडचण काही काल उद्भवलेली नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका चलाख मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. गणित त्याला जमे, वाचन मात्र साधत नसे. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले आणि ती लवकरात लवकर ओळखून अध्यापनाचे योग्य उपाय योजावेत असे सांगितले. तेव्हा अज्ञानाची सबब आता कोणालाच शोभणार नाही.

तरीही काय घडते? असे मूल आढळले की पालकांना कार्यालयात बोलावून, ‘याला इथे झेपणार नाही, दुसरीकडे घाला,’ असे गोड शब्दांत सुचवले जाते. सर्वच शाळा असे करतात असे आम्ही म्हणत नाही. पण ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या शाळेतही हे घडावे, याची आम्हांला लाज वाटते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात निघाला होता. आपण त्या एकाच्या हाती दाखला देतो आणि उरलेल्या नव्याण्णवांचा शंभर टक्के निकाल फलकावर लावतो! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले, हे संस्थाचालकांना तोंडपाठ असते. दिव्यांग हक्क कायदा मात्र शासनमान्य अशा सर्वच शाळांविषयी बोलतो.

पालकांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. घरी मराठी, कोकणी किंवा तमिळ बोलणारे मूल आपण हौसेने इंग्रजी शाळेत घालतो. ते अडखळले की भाषा परकी म्हणून अडखळते की अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही म्हणून, हे कोणी तपासत नाही. ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘डाली’ या चाचण्या २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. त्या मराठीतही आहेत आणि त्यांतील प्राथमिक चाळणी शाळेतील शिक्षकांनी करावी अशीच योजना आहे. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आम्ही मात्र जागे होतो ते नववीत. मग प्रमाणपत्रासाठी बदलापूरहून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे खेपा सुरू होतात. तपासणी एका दिवसात आटोपत नाही, आणि रोजंदारीवरच्या बापाचा प्रत्येक खेपेस एक दिवस बुडतो. सवलती मोलाच्याच आहेत. जादा वेळ आणि लेखनिक यांनी दहावी निभावते. परंतु दुसरीत जे वाचायला शिकवायचे राहिले, ते लेखनिक कसे शिकवणार?

आणि रविवारचे धर्मशिक्षण? तिथेही मुलाला सर्वांसमोर उभे करून वाचायला लावले जाते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत अडखळणाऱ्या मुलाला भावंडांदेखत हसू होते, आणि पुढे ते मंदिराच्या दारातही संकोचून उभे राहते.

आपल्या धर्मग्रामांची सभागृहे आठवडाभर संध्याकाळी कुलूपबंद असतात. निवृत्त शिक्षिका आपल्यात कमी नाहीत. चार-पाच मुले घेऊन, वाळूत अक्षर गिरवीत त्याचा उच्चार मोठ्याने म्हणवून घ्यायला वातानुकूलित दालन लागत नाही. पुढची परिषद इथेच, मराठीतून, रविवारच्या मिस्सानंतर भरवावी. म्हणजे कारखान्यात पाळी करणारे बापही येऊ शकतील.